अल्कली अधिनियम, १८६३

अल्कली अधिनियम : सोडा तयार करणाऱ्या कारखान्यांतून हवेत सुटणाऱ्या हायड्रोक्लोरिक अम्लवायूस आळा घालण्यासाठी ब्रिटिश संसदेने १८६३ साली संमत केलेला कायदा. कारखान्याने बाहेर सोडलेल्या एका विशिष्ट द्रव्याची मर्यादा आकड्यात सांगणारा आणि ती पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी रसायनशास्त्र जाणणारे सरकारी निरीक्षक नेमणारा हा आरंभीचा राष्ट्रीय कायदा होय. अम्लवायूच्या बाबतीत त्याला अल्पावधीत यश मिळाले. मात्र ज्या वस्त्यांवर हा वायू उतरत होता, तेथील रहिवाशांची स्थिती त्या प्रमाणात सुधारली नाही. या विसंगतीची कारणे कायद्याच्या रचनेतच होती. म्हणून औद्योगिक प्रदूषणाच्या शासकीय नियंत्रणाच्या इतिहासात या अधिनियमाचा अभ्यास महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी : काच, साबण व कापड या धंद्यांना सोडा (सोडियम कार्बोनेट) मोठ्या प्रमाणात लागतो. अठराव्या शतकापर्यंत तो मुख्यतः समुद्रकाठच्या वनस्पतींच्या राखेपासून मिळवीत. नीकॉला लेब्लांक (१७४२–१८०६) या फ्रेंच वैद्याने मिठापासून सोडा तयार करण्याची पद्धत शोधून काढली व १७९१ मध्ये तिचे एकस्व मिळविले. या पद्धतीत मिठावर सल्फ्यूरिक अम्लाची विक्रिया करून प्रथम सोडियम सल्फेट बनवितात. ते कोळसा व चुनखडक यांच्याबरोबर भट्टीत तापविले म्हणजे एक काळी राख तयार होते आणि ती पाण्यात भिजविली असता सोडा विरघळून वेगळा होतो.

या पद्धतीचे दोन दोष होते. पहिल्या टप्प्यात एक टन शुद्ध मिठामागे सु. ०·६२ टन हायड्रोक्लोरिक अम्लवायू उत्पन्न होई. त्या काळी त्याला फारशी मागणी नसल्याने तो धुराड्यावाटे सोडून देत. शेवटच्या टप्प्यात कॅल्शियम सल्फाइडयुक्त गाळ उरे. तो कारखान्याशेजारी ढिगांनी टाकीत. या ढिगांना हवा-पाणी लागले म्हणजे त्यांतून कुजक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू निघे. पहिल्या दोषाची सुरुवातीपासून ओरड झाली. दुसऱ्याकडे बराच काळ कोणी गंभीरपणे पाहिले नाही.

ब्रिटनमध्ये मिठावरील जबर कर १८२५ साली पूर्णपणे उठविण्यात आला आणि ही पद्धत तेथे झपाट्याने पसरली. डब्लिनमध्ये जन्मलेल्या जेम्स मस्प्रॅट (१७९३–१८८६) यांनी १८२३ मध्ये लिव्हरपूल येथे सोड्याचा कारखाना काढला होता. १८२८ मध्ये जोसायस गॅम्बल यांच्या भागीदारीत त्यांनी जवळच्या सेंट हेलेन्स येथे दुसरा कारखाना उभारला. चेशरचे मीठ, लँकाशरचा कोळसा आणि मर्सी नदीकडे जाणारा कालवा या सोयींमुळे सेंट हेलेन्स व १८४७ नंतर विडनेस ही गावे या धंद्याची केंद्रे बनली. उत्तरेस टाइन नदीचा काठ व स्कॉटलंडमधील ग्लासगो येथेही मोठे कारखाने होते.

उपद्रव व पहिले उपाय : हायड्रोक्लोरिक अम्लवायू पाण्यात अतिशय विद्राव्य आहे. दमट हवेत त्याचे धुके बनते आणि ते पाऊस-दवाबरोबर जमिनीवर उतरते. त्यामुळे कारखान्याभोवतालची कुंपणे व झाडे वाळत, पिकांची पाने करपत आणि घरांतील लोखंडी वस्तू गंजत. माणसांना खोकला व डोळ्यांची आग सोसावी लागे.

या उपद्रवाविरुद्ध त्या वेळी इंग्लिश रूढिविधीनुसार न्यायालयात दाद मागणे एवढाच मार्ग होता. १८३८ साली लिव्हरपूल नगरपालिकेने मस्प्रॅट यांच्यावर सार्वजनिक उपद्रवाचा खटला भरला व त्यात ते दोषी ठरले. न्यूटन येथील त्यांचा दुसरा कारखानाही आसपासच्या जमीनदारांच्या दाव्यांमुळे १८५० च्या सुमारास बंद पडला. पुढे या कुटुंबाने विडनेस व फ्लिंट येथे नवे कारखाने उभारले. म्हणजे दावा जिंकला तरी उपद्रव नाहीसा होत नसे; त्याचे गाव तेवढे बदले.

कारखानदारांनी शोधलेला पहिला उपाय उंच धुराड्यांचा होता. ग्लासगोच्या सेंट रॉलॉक्स कारखान्यात १८४२ साली बांधलेले धुराडे सु. १३३ मी. उंच होते. उंचावरून सोडलेला वायू जवळच्या घरांवरून पुढे जाई, परंतु दूरच्या शेतांवर उतरे. उंच धुराड्यांमुळे वायूचे प्रमाण घटले नाही. उपद्रवाचा टापू मात्र वाढला.

खरा तांत्रिक उपाय विल्यम गॉसिज (१७९९–१८७७) यांनी १८३६ मध्येच शोधला होता. वुस्टरशरमधील स्टोक प्रायर येथील आपल्या कारखान्याजवळची एक पडीक पवनचक्की त्यांनी काटेरी झुडपांच्या फांद्यांनी भरली, वरून पाणी ठिबकत ठेवले आणि त्यातून वायू नेला. फांद्यांच्या ओल्या पृष्ठभागांवर वायू जवळजवळ संपूर्णपणे पाण्यात विरघळला. पुढे फांद्यांऐवजी कोक किंवा विटा भरलेले असे मनोरे अनेक कारखान्यांत बांधण्यात आले. तरीही त्यांचा वापर सर्वत्र व नियमितपणे होईना. मनोऱ्याला खर्च येई, पाणी पुष्कळ लागे आणि तयार झालेल्या सौम्य अम्लाला गिऱ्हाईक नसे. शेजारचा कारखाना वायू खुशाल सोडीत असता आपणच खर्च का करावा, असाही प्रश्न होताच. उपाय हाती असून सु. पंचवीस वर्षे तो सर्वत्र अमलात आला नाही, ही गोष्ट पुढील कायद्याची आवश्यकता स्पष्ट करते.

लॉर्ड डर्बी समिती : सेंट हेलेन्सजवळील नोझ्‌ली येथे डर्बीचे चौदावे अर्ल एडवर्ड स्मिथ-स्टॅन्ली (१७९९–१८६९) यांची वडिलोपार्जित जहागीर होती. ते हुजूर पक्षाचे नेते असून दोनदा पंतप्रधान झाले होते. १८६६ मध्ये ते तिसऱ्यांदा त्या पदावर आले. मे १८६२ मध्ये त्यांनी उमरावांच्या सभागृहात उपद्रवी वायूंचा प्रश्न उपस्थित केला व तेथे एक प्रवर समिती नेमण्यात आली. समितीने जमीनदार, शेतकरी, कारखानदार व रसायनशास्त्रज्ञ यांच्या साक्षी घेऊन त्याच वर्षी अहवाल सादर केला.

समितीपुढे आलेली मुख्य अडचण पुराव्याची होती. एकाच गावात अनेक धुराडी वायू ओकत असताना आपली बाग नेमक्या कोणत्या धुराड्याने जाळली, हे फिर्यादीला सिद्ध करता येत नसे. दाव्याचा खर्च तर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचाच होता. दुसरीकडे मनोऱ्यांचा अनुभव असलेल्या कारखानदारांनी वायू अडविणे शक्य असल्याचे मान्य केले. सर्वांना सारखा नियम लागू झाल्यास धंद्यात कोणी मागे पडणार नाही आणि दाव्यांची टांगती तलवारही दूर होईल, असा त्यांचाही हिशेब होता. त्यामुळे विधेयकाला फारसा विरोध झाला नाही. तांबे गाळणाऱ्या भट्ट्यांचा धूर तितकाच घातक होता. परंतु त्यावर व्यवहार्य उपाय उपलब्ध नाही, असे ठरून तो कायद्याबाहेर ठेवण्यात आला. कोळशाचा धूरही वगळला गेला.

वगळलेल्या धुराचे काय झाले, हे टिपिंग विरुद्ध सेंट हेलेन्स स्मेल्टिंग कंपनी या प्रसिद्ध दाव्यावरून समजते. टिपिंग या जमीनदारांनी १८६० साली सेंट हेलेन्सजवळ मोठी मिळकत विकत घेतली. शेजारच्या तांब्याच्या भट्टीमुळे तेथील झाडे मरू लागल्याने त्यांनी दावा लावला. १८६५ साली उमरावांच्या सभागृहाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन सु. ३६१ पौंडांची भरपाई कायम केली. हा निकाल देताना एक महत्त्वाचा भेद करण्यात आला : मालमत्तेचे प्रत्यक्ष नुकसान झाल्यास परिसर कसा आहे हे पाहण्याचे कारण नाही, परंतु केवळ शारीरिक त्रास वा गैरसोय झाली असल्यास परिसराचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. कारखान्यांच्या गावात राहणाऱ्याने काही त्रास सोसलाच पाहिजे, असा याचा अर्थ होता. ज्याची झाडे मेली त्याला न्याय मिळाला. ज्याला झाडे नव्हती, केवळ भाड्याची खोली होती, त्याच्या खोकल्याला न्यायालयात फारसे वजन उरले नाही.

अधिनियमातील तरतुदी : २८ जुलै १८६३ रोजी संमत झालेला हा अधिनियम १ जानेवारी १८६४ पासून अमलात आला. प्रत्येक सोडा-कारखान्याची नोंदणी सक्तीची करण्यात आली. उत्पन्न होणाऱ्या हायड्रोक्लोरिक अम्लवायूपैकी निदान ९५ टक्के वायू अडविलाच पाहिजे, असे बंधन घालण्यात आले. तो कोणत्या साधनाने अडवावा, हे कारखानदारावर सोपविले होते. नियमभंगाबद्दल पहिल्या वेळी ५० पौंडांपर्यंत व नंतरच्या प्रत्येक वेळी १०० पौंडांपर्यंत दंडाची तरतूद होती. निरीक्षकास पूर्वसूचना न देता दिवसा वा रात्री कारखान्यात प्रवेश करण्याचा अधिकार मिळाला. त्याने उत्पादनात मात्र व्यत्यय आणावयाचा नव्हता. प्रारंभी पाच वर्षांपुरता केलेला हा कायदा १८६८ मध्ये कायम करण्यात आला.

निरीक्षक स्थानिक संस्थेने न नेमता केंद्र सरकारच्या व्यापार मंडळाने नेमावयाचा होता, ही या कायद्यातील सर्वांत दूरदर्शी तरतूद म्हणावी लागेल. कारखान्यांच्या गावांत स्थानिक सत्ता व कारखान्यांची मालकी पुष्कळदा एकाच हाती असे. १८६८ साली सेंट हेलेन्सला नगराचा दर्जा मिळाला, तेव्हा पहिले महापौर झालेले डेव्हिड गॅम्बल हे स्वतः रसायनांचे कारखानदार होते.

अँगस स्मिथ यांचे कार्य : पहिले निरीक्षक म्हणून रॉबर्ट अँगस स्मिथ (१८१७–८४) यांची नेमणूक झाली. ग्लासगोजवळ जन्मलेल्या स्मिथ यांनी जर्मनीत गीसन येथे यूस्टुस फोन लीबिख यांच्या हाताखाली रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले होते. मँचेस्टरच्या हवेचा व पावसाच्या पाण्याचा त्यांनी केलेला अभ्यास १८५२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. कारखानी शहरांतील पावसात अम्ल असते, हे त्यात दाखविले होते. ‘अम्लपर्जन्य’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा त्यांच्या १८७२ च्या हवा व पाऊस यांवरील ग्रंथामुळे रूढ झाली.

स्मिथ यांना चार उपनिरीक्षक मिळाले. मोजमापाची पद्धत त्यांना स्वतःच बसवावी लागली. नळातून जाणाऱ्या वायूचा ठराविक घनफळाचा नमुना ओढून घेऊन तो पाण्यातून न्यावयाचा आणि त्या पाण्यातील क्लोराइडाचे प्रमाण काढावयाचे, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप होते. आल्फ्रेड फ्लेचर या उपनिरीक्षकांनी नळातील वायूचा वेग मोजण्याचे उपकरण तयार केले. स्मिथ यांच्यानंतर १८८४ मध्ये तेच मुख्य निरीक्षक झाले.

पहिल्याच वर्षाचे निष्कर्ष उत्साहजनक होते. कायद्याने पाच टक्के वायू सोडण्यास मुभा दिली असताना प्रत्यक्षात सरासरी दीड टक्क्याहूनही कमी वायू सुटत असल्याचे आढळले. हे यश मुख्यतः सल्ल्याने मिळविलेले होते. कोठे मनोऱ्यात पाणी कमी पडते, कोठे वायू फार तापलेला असतो, कोठे सांध्यांतून गळती होते, हे निरीक्षक दाखवून देत आणि एका कारखान्यातील सुधारणेची माहिती दुसऱ्याला पुरवीत. शिक्षेपेक्षा समजावणीने काम अधिक होते, अशी स्मिथ यांची धारणा होती. त्यामुळे त्यांच्या कारकीर्दीत मोजकेच खटले झाले. या धोरणावर पुढे सतत टीका झाली. निरीक्षक व कारखानदार यांची चर्चा बंद दाराआड चाले आणि तक्रार करणाऱ्या रहिवाशाला तीत स्थान नसे, हा टीकेचा मुख्य मुद्दा होता. मूठभर निरीक्षकांना विरोधी कारखानदारांशी झगडून एवढे काम करता आले नसते, हेही तितकेच खरे आहे.

दुरुस्त्या : टक्केवारीच्या नियमातील उणीव लवकरच उघड झाली. शेकडा पाच ही मुभा उत्पादनाबरोबर वाढत जाई. प्रत्येक कारखाना नियम पाळीत असूनही कारखान्यांची संख्या व आकार वाढल्यामुळे गावावर उतरणाऱ्या वायूची एकूण राशी पुन्हा वाढू लागली. स्मिथ यांनी आपल्या अहवालांतून हे स्वतःच निदर्शनास आणले. म्हणून १८७४ च्या दुरुस्तीने बाहेर पडणाऱ्या दर घनफूट वायूत ०·२ ग्रेनपेक्षा (दर घनमीटरला सु. ०·४६ ग्रॅमपेक्षा) अधिक अम्ल असू नये, असे ठरविण्यात आले. इतर उपद्रवी वायूंच्या बाबतीत ‘व्यवहार्य उपायांपैकी सर्वोत्तम उपाय’ योजण्याचे बंधन आले. व्यवहार्य म्हणजे किती खर्चाचा, हे ठरविण्याचे काम प्रत्यक्षात निरीक्षकाकडे आले. हे तत्त्व पुढे शंभराहून अधिक वर्षे ब्रिटिश प्रदूषण-नियंत्रणाचा पाया राहिले.

जमीनदारांच्या तक्रारी चालूच राहिल्याने लॉर्ड ॲबरडेअर यांच्या अध्यक्षतेखाली एक शाही आयोग नेमण्यात आला. त्याने १८७८ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार १८८१ च्या कायद्याने सल्फ्यूरिक अम्ल, रासायनिक खते इ. अनेक उद्योग निरीक्षकांच्या कक्षेत आले. १९०६ मध्ये सर्व तरतुदींचे एकत्रीकरण झाले.

कायद्याबाहेरचे प्रदूषण : हवेतून अडविलेले अम्ल कोठे जावे, याविषयी १८६३ चा अधिनियम मूक होता. कारखानदारांनी ते जवळच्या ओढ्यांत व कालव्यांत सोडले. सेंट हेलेन्समधून वाहणारा सँकी ओढा अम्लाने भरून गेला. हे अम्लयुक्त पाणी गाळाच्या ढिगांना लागले म्हणजे हायड्रोजन सल्फाइड जोराने बाहेर पडे. अशा रीतीने धुराड्यातून अडविलेला उपद्रव ओढ्याच्या वाटेने पुन्हा वस्तीत शिरला. ओढ्याकाठी राहणारे बहुसंख्य लोक कामगार होते. जहागिरीतील झाडे काही प्रमाणात सुरक्षित झाली. दुर्गंधी गावाच्या वाट्याला आली.

नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध १८७६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि त्याखालीही स्मिथ यांना निरीक्षक नेमण्यात आले. मात्र कारखान्यांवर कारवाई करण्यापूर्वी स्थानिक शासन मंडळाची संमती आवश्यक होती व उद्योगाच्या हिताचा विचार करणे त्या मंडळावर बंधनकारक होते. त्यामुळे हा कायदा दुबळाच राहिला.

कारखान्याच्या आतील स्थितीचा तर अल्कली अधिनियमात विचारच नव्हता. मिठाच्या भट्टीवरील कामगारांचे दात अम्लवायूने झिजून जात. विरंजक चूर्ण भरणारे कामगार क्लोरीन वायूपासून बचाव करण्यासाठी तोंडाला फ्लॅनेलच्या कापडाचे जाड वेष्टन बांधीत. रॉबर्ट शेरार्ड या पत्रकाराने १८९७ मध्ये इंग्लंडमधील कष्टकऱ्यांवर लिहिलेल्या पुस्तकात या कामगारांचे हाल वर्णिले आहेत. धुराड्याच्या तोंडाशी येणारा वायू मोजला जात होता. भट्टीच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या श्वासात जाणारा वायू मोजण्याची जबाबदारी या निरीक्षकांची नव्हती.

अर्थकारणाचा परिणाम : अम्लवायू अडविण्याचे श्रेय सर्वस्वी कायद्याला देता येत नाही. वॉल्टर वेल्डन (१८६६) व हेन्री डीकन (१८६८) यांनी हायड्रोक्लोरिक अम्लापासून क्लोरीन मिळविण्याच्या किफायतशीर पद्धती शोधल्या. कापड व कागद धंद्यांत विरंजक चूर्णाला मागणी वाढली आणि वाया जाणाऱ्या अम्लाला किंमत आली. पुढे एर्नेस्ट सॉल्व्हे यांच्या पद्धतीने (१८६१) स्वस्त व तुलनेने स्वच्छ रीतीने सोडा बनू लागला. तेव्हा लेब्लांक कारखाने अम्लाच्या उत्पन्नावरच काही काळ तग धरून राहिले. १८९० मध्ये ते बहुतेक सर्व एका कंपनीत विलीन झाले आणि १९२० नंतर ही पद्धत लवकरच नामशेष झाली. गाळाचे ढीग मात्र मागे राहिले. विडनेस येथील स्पाइक आयलंड या कारखान्यांच्या जुन्या जागेची सुधारणा होऊन तेथे उद्यान होण्यास १९७५ नंतरचा काळ उजाडावा लागला.

उत्तरकालीन महत्त्व : अल्कली निरीक्षणालय या नावाने ओळखली जाणारी यंत्रणा शतकाहून अधिक काळ टिकली. १९७५ मध्ये ती आरोग्य व सुरक्षा विभागात समाविष्ट झाली. हवा, पाणी व घन कचरा यांवर वेगवेगळ्या यंत्रणांनी देखरेख ठेवल्यास प्रदूषक एका माध्यमातून दुसऱ्यात ढकलला जातो, हा सेंट हेलेन्सचा अनुभव अखेर मान्य होऊन १९८७ मध्ये एकत्रित प्रदूषण निरीक्षणालय स्थापन झाले. १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने मोठ्या उद्योगांसाठी तिन्ही माध्यमांचा एकत्र विचार करणारी पद्धती आणली आणि १९९६ मध्ये हे काम इंग्लंड व वेल्स यांच्या पर्यावरण अभिकरणाकडे गेले.

भारतातही माध्यमनिहाय कायद्यांचा क्रम दिसतो. मुंबई इलाख्यात १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषणासंबंधी कायदा करून पुढील वर्षी मंडळ स्थापन केले. केंद्रीय जलप्रदूषण अधिनियम १९७४ मध्ये व वायुप्रदूषण अधिनियम १९८१ मध्ये आला. पूर्वसंमती, निरीक्षकाचा प्रवेशाधिकार, नमुना घेण्याची रीत व आकड्यातील मर्यादा ही त्यांतील साधने अल्कली अधिनियमाच्या परंपरेशी नाते सांगणारी आहेत. भोपाळच्या १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर झालेल्या १९८६ च्या पर्यावरण अधिनियमात पाणी, हवा, जमीन व त्यांचे माणसाशी असलेले परस्परसंबंध या सर्वांचा पर्यावरणाच्या व्याख्येत समावेश करण्यात आला.

मोजता येईल असे प्रमाण, ते मोजणारा जाणकार आणि कारखान्याच्या दारातून आत जाण्याचा त्याचा अधिकार या तीन गोष्टी एकत्र आल्यास प्रदूषण आटोक्यात येऊ शकते, हे अल्कली अधिनियमाने सिद्ध केले. काय मोजावयाचे व कोणाच्या हानीला हानी म्हणावयाचे, हे मात्र कायदा करणारेच ठरवितात. त्यांच्या व्याख्येत न बसलेल्या हानीला सेंट हेलेन्सचे निरीक्षक अखेरपर्यंत आवर घालू शकले नाहीत.